उताऱ्यावरचे नाव

आखाजी जवळ आली की उधना स्थानकाचा तो एक फलाट ओळखू येईनासा होतो. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या वस्त्यांतली निम्मी घरे कुलूप लावून निघालेली असतात. कुणाच्या हाती माहेरवाशिणीसाठी घेतलेली साडी, कुणाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, आणि लूमवर रात्रपाळी करून आलेली तरुण मुले पिशव्यांवरच डोके टेकून झोपलेली. गाडी हलली की चलथान, बारडोली, व्यारा, सोनगड अशी गुजराती स्थानके मागे पडतात आणि नवापूर येते, जेथे एकाच फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे. त्यापुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. हा प्रवास आम्ही गेली चाळीस वर्षे करीत आहो. पूर्वी डब्यात पावसाच्या आणि कापसाच्या भावाच्या गोष्टी चालत. अलीकडे पाच मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतोच, "काय हो, तुमच्या घरचा हप्ता आला का?"

हप्ता म्हणजे कोणता, हे सुरतेच्या मराठी घरात सांगावे लागत नाही. तरी नव्या पिढीसाठी एकदा नीट सांगून टाकू. केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अंदाजपत्रकात प्रधानमंत्री किसान सन्मान निधी जाहीर केला. शेतजमीन धारण करणाऱ्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांचा एक हप्ता, थेट बँकेच्या खात्यात. आरंभी तो दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरता होता. त्याच वर्षी, नवे सरकार येताच, ही मर्यादा काढून टाकण्यात आली. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अंदाजपत्रकात तेवढ्याच रकमेची भर घातली. तिला नाव दिले नमो शेतकरी महासन्मान निधी, आणि तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीला वाटला गेला. दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण २०२५ साली बीटी कापसाच्या बियाण्याचे एक पाकीट ९०१ रुपयांना होते. एकरी दोन पाकिटे धरली तर तीन एकरांना ५,४०६ रुपये, म्हणजे केंद्राचे सबंध वर्षाचे पैसे बियाण्यातच संपले. राज्याच्या पैशांतून डीएपीच्या तीन गोण्या आणि थोडी निंदणी. तरीसुद्धा पेरणीच्या तोंडावर हातात रोकड असणे आणि दुकानदाराकडे उधारीला जाणे यांतले अंतर काय असते, हे ज्याने पाहिले आहे तो या रकमेला किरकोळ म्हणणार नाही.

आता आमच्या घरचे सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण या पानावर आजवर आम्ही वाचकांपासून फारसे काही लपविलेले नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन अमळनेर तालुक्यात तीन एकर आहे, कोरडवाहू. वडील १९९७ साली गेले. त्या वेळी आम्ही सुरतेत मार्केटात दलालीच्या कामाला लागलेलो, बहीण नंदुरबारला दिलेली, आणि शेत थोरले बंधू पाहत होते. साहजिकच उताऱ्यावर त्यांचेच नाव लागले आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरे आली. एकत्र कुटुंब मॅनेजर. खानदेशातल्या हजारो उताऱ्यांवर ही अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा की जमीन सर्वांची, पण सरकारदरबारी उभा राहणारा माणूस एक. चोवीस वर्षे या व्यवस्थेने कुणाचे काही अडले नाही. बंधू सालाबाद आम्हांला तुरीची डाळ, दादर ज्वारी आणि एक पोते भुईमूग पाठवीत. आम्ही त्यांना अडीअडचणीला पैसे पाठवीत असू. हिशेब कुणी मांडला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बंधू गेले. दहाव्यालाही आम्हांला जाता आले नाही. शेत वहिनींनी सांभाळले. त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, तोवर पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये लागलेला होता. पावसाळ्यात वहिनींचा फोन आला. "नाना, तलाठी म्हणतात वारसांची नावे लावून घ्या. तुम्ही एकदा येऊन जा." आम्ही म्हटले, दिवाळीला येतो.

कायद्याप्रमाणे धारक मरण पावल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, जाबजबाब, मग फेरफार. काम मोठे नाही. पण दिवाळीला गेलो तेव्हा एका चुलतभावाने बाजूला घेऊन कानमंत्र दिला. तो म्हणाला, "आता नुसते वहिनीचे आणि पोराचे नाव लागले की तुझे कायमचे गेले. आधी वडिलांपासूनचा वारसा काढ, मग सही कर." बोलणे कायद्याला धरून होते, हे आजही आम्ही नाकारीत नाही. मात्र त्या दिवशी आम्ही जे केले ते कायद्यासाठी नव्हते. आम्ही सही केली नाही आणि वडिलांपासूनचा वारसा काढण्याच्या मागेही लागलो नाही. जुन्या फेरफाराच्या नकला काढायच्या, बहिणीला बोलवायचे, चार दिवस तालुक्याला मुक्काम करायचा. मार्केटचा हंगाम आला, मग आमच्या धाकटीचे लग्न निघाले. दोन आखाज्या अशा गेल्या.

इकडे बंधूंच्या खात्यात केंद्राचे हप्ते जमा होतच होते. मृत्यूनंतर चार आले, ८,००० रुपये. वहिनींना वाटले, ते गेले तरी सरकार विसरलेले नाही. पुढे आधार प्रमाणीकरण, ज्याला सारे ई-केवायसी म्हणतात, ते सक्तीचे झाले. अंगठा लावायला माणूसच नाही म्हटल्यावर हप्ते थांबले, आणि चौकशीत वस्तुस्थिती उघड झाल्यावर ते ८,००० रुपये परत करा असे सांगण्यात आले. यात कुणाचाही दोष काढता येत नाही. मयताच्या नावे आलेला पैसा घरच्यांनी ठेवायचा नसतो आणि मृत्यू कळविण्याची जबाबदारी घरच्यांची असते. वहिनींनी एक म्हैस विकली. म्हैस विकल्याचे आम्हांला पुतण्याने सहा महिन्यांनी सांगितले, तेही आमच्या सौ.ने खोदून विचारल्यावर.

नियमात वहिनींसाठी दार उघडे होते, ही यातली टोचणारी गोष्ट. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे जमीन होती तोच पात्र धरला गेला. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर कुणी नवा दावा सांगू नये म्हणून ही तारीख घातली होती. पण धारकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट होती. वहिनींना हवा होता तो फक्त उताऱ्यावरच्या नावाचा कागद, आणि तो आमच्या सहीवाचून निघत नव्हता.

शिवाय हप्ता हा त्यातला लहान भाग. उतारा मयताच्या नावे म्हणून गावच्या विकास सोसायटीचे नवे पीककर्ज नाही. मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंतचे जे कर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडते, त्याऐवजी वहिनींनी कृषी केंद्रवाल्याकडून दीडीच्या बोलीवर बियाणे उचलले. राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा दिला. २०२५ साली ती सवलत बंदही झाली, पण जी दोन वर्षे ती चालली त्यांपैकी एकही वर्ष आमच्या शेताच्या वाट्याला आले नाही. अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत बंधूंचे नाव लागले. पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

शेवटी २०२४ च्या आखाजीला आम्ही पंधरा दिवसांची सुट्टी काढून गेलो. वडिलांपासूनचा वारसा निघाला. वहिनी, पुतण्या, आम्ही आणि बहीण अशी चौघांची नावे लागली. वहिनींच्या हातावर पहिला हप्ता पडला तो ५ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्या दिवशी वाशीमच्या समारंभातून केंद्राचा अठरावा आणि राज्याचा पाचवा हप्ता एकदमच सुटला, म्हणून ४,००० रुपये आले. मधल्या काळात केंद्राचे सहा आणि राज्याचे चार हप्ते त्यांच्या हातून गेले. दहा गुणिले दोन हजार. आमच्या चालढकलीची ही किंमत आम्ही वहीत लिहून ठेवली आहे आणि त्यांतले काही फेडले आहे. म्हैस मात्र परत आली नाही.

हे सारे एवढ्या विस्ताराने लिहिले, कारण सुरतेत ही गोष्ट एकट्या आमची नाही. आमच्या चाळीतल्या दहा घरांपैकी सात घरांची नावे खानदेशातल्या कुठल्यातरी उताऱ्यावर आहेत किंवा असायला हवीत. जमीन तिकडे, माणूस इकडे, आणि कसणारी बहुधा एखादी आई, वहिनी किंवा सासू. उतारा हा शब्दही दोन्हीकडे सारखाच. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा. गुजराती शेजारी त्यालाच 'सातबार' म्हणतो. मुंबई इलाख्याच्या महसूल पद्धतीचे हे वारसदार आहेत, १ मे १९६० पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. पण संगणकाने ही भावकी ओळखली नाही. सुरतेत आधार कार्ड निघाले की त्यावर सुमनची सुमनबेन होते आणि रतनचा रतनभाई. उताऱ्यावर मात्र नुसते सुमन. यंत्राला ही दोन माणसे वाटतात. वाचकहो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कार्डावरचे हे 'भाई' आणि 'बेन' आधी तपासून पाहा. गुजरातच्या मातीत ही अक्षरे प्रेमाची आहेत, पण तालुक्याच्या कचेरीत ती दोन खेटे घालायला लावतात.

दुसरी तशीच गोष्ट बँकेच्या खात्याची. हप्ता तुम्ही सांगाल त्या खात्यात न जाता आधारशी जे खाते शेवटी जोडलेले असेल त्यात जातो. गावाकडची आई डोळ्यांच्या ऑपरेशनासाठी सुरतेला आली, मुलाने सोयीसाठी येथे तिचे खाते उघडून दिले, आणि वर्षभर गावच्या शाखेत ती विचारीत राहिली, "माझे पैसे कुठे गेले?" पैसे सुरतेत बिनवापर पडून होते. हे आमच्या शेजारच्या घरात घडले आहे.

आणि तो ओटीपी! वहिनींच्या नावाला मोबाइल पुतण्याचा जोडलेला. त्या गावात केंद्रावर बसलेल्या, आकडा येतो पांडेसऱ्यात, आणि पुतण्या रात्रपाळी करून झोपलेला. बोटांचे ठसे घ्यावेत तर निंदणी-खुरपणीने रेषा झिजून गेलेल्या, यंत्र ओळखीना. २०२३ पासून चेहरा दाखवून मोबाइलवरच प्रमाणीकरण करण्याची सोय झाली आहे, ती आम्हांला फार उशिरा कळली. सुट्टीला गेलात की तेवढे काम स्वतः बसून करा. अर्धा तास पुरतो. महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागू लागला. तो काढताना पुन्हा आधार, मोबाइल आणि उतारा ही तीन कागदे एकमेकांशी जुळावी लागतात. मोबाइलवर 'हप्ता मिळवा' म्हणून कुणी काही उतरवून घ्यायला सांगितले तर ते उतरवू नका. अशा फसव्या संदेशांनी खाती रिकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

आमच्या वाचकांपैकी काही जण विचारतील, आमचे नाव उताऱ्यावर आहे, मग आम्हीही अर्ज करावा का? नियम स्पष्ट आहेत. मागच्या वर्षी ज्याने आयकर भरला तो अपात्र. सरकारी नोकर, चतुर्थ श्रेणी सोडून, अपात्र. महिना दहा हजार किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारा अपात्र. व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सनदी लेखापाल अपात्र. आम्ही आयकर भरतो, तेव्हा आमचा प्रश्न आपोआप मिटला. येथे एक बारकावा आहे. कर्जासाठी विवरणपत्र भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. शून्य कराचे विवरणपत्र भरणारा लूमवाला त्यामुळे अपात्र ठरत नाही. मात्र कर भरूनही ज्यांनी हप्ते घेतले, त्यांना ते परत करण्याच्या नोटिसा महाराष्ट्रात आल्या आहेत.

पण या साऱ्या नियमांत एक माणूस कोठेच बसत नाही. आमच्या शेताच्या बांधाला लागून ज्यांचे शेत आहे ते गृहस्थ उधन्यात तीस वर्षे आहेत. शेत बटाईने दिलेले. हप्ता त्यांना येतो, आणि नियमाप्रमाणे तो त्यांचाच आहे. नांगर धरणाऱ्या बटाईदाराला काही नाही. सालदाराला तर नाहीच नाही. ओडिशाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन शेतमजूरही घेतले होते, म्हणजे करता येत नाही असे नाही. तेलंगणाने मे २०१८ मध्ये 'रयतु बंधू' सुरू केली ती एकरामागे पैसे देणारी, तेव्हा तेथे ज्याची जमीन अधिक त्याला पैसाही अधिक. केंद्राने कुटुंबामागे सारखी रक्कम ठेवली, हे आम्हांला त्यातल्या त्यात बरे वाटते. पण कसणाऱ्याचा पत्ता त्यांनाही लागलेला नाही. उतारा हा मुळात सारा कुणाकडून वसूल करायचा हे ठरविण्यासाठी झालेला कागद. त्यावरून मदत कुणाला द्यायची हे ठरवू लागलो की असे होणारच.

गाडी बारडोलीवरून जाते तेव्हा हे हमखास आठवते. मुंबई सरकारने या तालुक्याचा सारा २२ टक्क्यांनी वाढविला आणि १९२८ साली वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारले. भांडी, म्हशी, जमिनी जप्त झाल्या. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत लोक हटले नाहीत, आणि चौकशीअंती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. सरकारचा माणूस गावात शिरला की म्हैस घरात दडवायची, असे ते दिवस. त्याआधी १८८३ आणि १८८४ साली इंग्रजांनी तगाईचे कायदे केले, विहिरीला, बैलाला, बियाण्याला कर्ज देणारे. १८८३ सालीच महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. तगाईसाठी कारकुनाच्या दारात किती चपला झिजवाव्या लागत, ते आमचे आजोबा सांगत. आता मध्ये कारकून नाही, पैसा सरळ खात्यात येतो, हा मोठाच फरक आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. खतावरचे अनुदान मात्र अजूनही शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तिची खरी किंमत कितीतरी अधिक. मधला फरक सरकार कंपनीला देते. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. कापसाच्या भावाचे काय, एवढेच त्यांनी विचारले. या पानाला त्याचे उत्तर झेपणारे नाही.

राहता राहिली एक गोष्ट. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने 'लक्ष्मीमुक्ती'चा निर्णय काढला. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचे नाव उताऱ्यावर सहधारक म्हणून लागते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने गावोगाव चालविलेल्या मोहिमेतून तो निघाला होता. आमच्या बंधूंनी तो अर्ज केला असता तर वहिनींना आमची वाट पाहावी लागली नसती. आम्ही तरी आमच्या सौ.चे नाव कोठे लावले होते? या वर्षी तो अर्ज दिला आहे. सुरतेतले घर दोघांच्या नावे आहे, गावची जमीन मात्र पुरुषांचीच, अशी आमच्या मनात कोठेतरी समजूत बसलेली होती.

आणि बहीण. मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तरीही खानदेशात आखाजीला बहीण माहेरी येते, झोका खेळते, साडी घेते आणि हक्कसोडपत्रावर सही करून जाते. अशा सह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. मागच्या आखाजीला जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. शेत वहिनीच कसतात, तेव्हा तुकड्यांचे त्रांगडे नको, म्हणून आम्ही तिला सहज विचारले की, तू हक्क सोडून देतेस का? ती सुपारी कातरीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नाना, तुम्ही सोडलात का?"

वहिनी उठून आत गेल्या. आमच्याजवळ अजून त्या प्रश्नाचे उत्तर नाही. अक्षय्य तृतीयेला पुन्हा जाणार आहो, तिकिटे काढून झाली आहेत. या वेळी हक्कसोडपत्राचे दोन मसुदे बरोबर नेत आहो. एकावर तिचे नाव आहे, दुसऱ्यावर आमचे.